दुल्सीची शीळ

आडबंदरच्या धक्क्यावर मासळीचे एक जुने बर्फघर होते. त्याला आतून चुना लावून प्रयोगशाळा केलेली होती. भरतीचे पाणी तिच्या फरशीखालून येत-जात असे. खाडीत निरनिराळ्या ठिकाणी सोडलेल्या जलश्रवणींच्या तारा फरशीतल्या भोकातून वर येत आणि डॉ. सुमंत नेरुरकरांच्या टेबलाशी संपत. जलश्रवणी म्हणजे पाण्याखालचा कान. खाडीच्या मुखापासून आतल्या खडकांपर्यंत जे काही शीळ घालील किंवा नुसते कूस बदलील, ते या कानांना ऐकू येई. हा सबंध हंगाम नेरुरकर हेडफोन लावून बसले होते. त्यांना एकच गोष्ट ऐकायची होती. ओळखीची नसलेली एखादी शीळ.

ती अजून ऐकू आली नव्हती.

“आता पुरे करा,” इव्हॉन लोबो दारातून म्हणाली. “कानाला घट्टे पडतील. कोण बोलतंय आत्ता?”

“फिलोमिना. तिला मार्था उत्तर देते आहे.”

“माझ्या मावश्या तशाच होत्या. एक बोलली की दुसरीला राहवायचं नाही.”

खाडीतले यांत्रिक डॉल्फिन इव्हॉनने बनवले होते. त्यांना ‘सोबती’ म्हणत. कारखान्याने त्यांना क्रमांक दिले होते. इव्हॉनने ते खोडून आपल्या सगळ्या आत्या-मावश्यांची नावे दिली होती. नेरुरकर सागरी जीवशास्त्रज्ञ, निवृत्तीनंतरही याच कामाला चिकटून राहिलेले. ते कमी बोलत आणि बोलले की आपण चुकलो तर नाही ना, अशा नजरेने समोरच्याकडे पाहत. इव्हॉन त्यांची चेष्टा करी, आणि त्यांना ती आवडे.

“परुळेकरबाई येताहेत,” ती म्हणाली. “आज त्यांना उत्तर हवंय.”

वसुधा परुळेकर खाडी प्राधिकरणाच्या संचालक होत्या. त्या आल्या, स्टुलावर बसल्या आणि त्यांनी चहाला नको म्हटले.

“डॉक्टर, मला एकदा सरळ सांगा. बाहेर जे उड्या मारतंय ते यंत्र आहे की जनावर, हे तुम्हाला कळतं की नाही?”

“नुसतं बघून नाही कळत,” नेरुरकर म्हणाले.

“हे मी कुणाला सांगू? नियम सोपा आहे. खाडीत एक जरी जिवंत डॉल्फिन असेल तरी ती राखीव. तोवर इथे मोठ्या इंजिनाची होडी येणार नाही, कुणी गरी टाकणार नाही. नसेल, तर गावाने दिलेला अर्ज मंजूर करायचा. हौशी गरवणाऱ्यांसाठी खाडी खुली करायची. मासा धरायचा, फोटो काढायचा, पुन्हा पाण्यात सोडायचा. त्यावर गावातली चाळीस घरं चालतील. यंत्रं बघायला आता कोण येतंय?”

“पाणी तपासून कळत नाही का?” त्यांच्याबरोबर आलेल्या तरुण कारकुनाने विचारले.

“नाही कळत, आणि तो दोष माझा,” इव्हॉन म्हणाली. “सोबत्यांना रबराची कातडी लावली तर वर्षभरात शंख-शिंपले चढतात. म्हणून मी खऱ्या डॉल्फिनच्या पेशींपासून कातडी वाढवली. संवर्धित त्वचा. ती जिवंत आहे. ऊबदार असते, तिचा कोंडा पडतो, जखम झाली तर व्रण राहतो. पाण्यात डॉल्फिनच्या खुणा सापडणारच.”

“मग यंत्रांना विचारा. रेडिओ असेल ना त्यांच्यात?”

“खाऱ्या पाण्यात रेडिओ हातभर जात नाही. म्हणून ते एकमेकांशी आवाजानेच बोलतात, डॉल्फिनसारखे.”

परुळेकरबाईंनी नेरुरकरांकडे पाहिले. नेरुरकरांनी चष्मा पुसायला घेतला. समजावून सांगायचे म्हटले की ते नेहमी असे करीत.

“हा डॉल्फिन किनाऱ्यालगत राहणारा. पाठीवर कुबड असतं, जुने लोक त्याला गादा म्हणतात. तो एकटा राहू शकत नाही. कळप लहान झाला तर उरलेले खाडी सोडून जातात, भटकतात, जाळ्यात मरतात. इथे दहा-बाराच उरले, तेव्हा आम्ही त्यांच्यात सोबती सोडले. कळप भरल्यासारखा वाटावा म्हणून. यंत्रांनी त्यांना जाळ्यांपासून वळवायचं, मासळीच्या थव्यावर न्यायचं. काही वर्षं ते जमलं. मग पाणी तापलं, एक रोग आला, त्यानंतर ते मोठं वादळ. शेवटची मादी आणि तिचं पिल्लू वादळानंतर दिसलं नाही.”

“म्हणजे संपले.”

“दिसले नाहीत,” नेरुरकर म्हणाले. “म्हणून मी दोन कसोट्या ठेवल्या आहेत. पहिली श्वासाची. सोबत्याला श्वासाची गरज नाही. पण तो वर येऊन फवारा उडवतो, ठरलेल्या लयीत. होडीवाल्यांनीच ती लय मागून घेतली होती.”

“गिऱ्हाइकाला कॅमेरा धरायला वेळ मिळावा म्हणून,” इव्हॉन म्हणाली.

“जिवंत प्राण्याचा श्वास पुढेमागे होतो. दमला, घाबरला, पोटभर खाल्लं, की बदलतो. दुसरी कसोटी नामशिळेची. डॉल्फिनचं पिल्लू पहिल्या वर्षात स्वतःची एक शीळ तयार करतं. तेच त्याचं नाव, जन्मभराचं. दुसऱ्याला त्याला बोलवायचं असेल तर तो तीच शीळ घालतो. आणि ज्याला हाक मारली तोही तीच शीळ परत घालून सांगतो, की मी आहे.”

“सोबत्यांनाही मी एकेक शीळ दिली,” इव्हॉन म्हणाली. “ते एकमेकांना हाका मारतात. उत्तर मिळेपर्यंत मारत राहतात, कुणी भरकटू नये म्हणून. पण माझ्या यादीत असलेल्या शिळेलाच ते उत्तर देतात. आधी तसं नव्हतं. तेव्हा ते होडीच्या इंजिनालासुद्धा उत्तर देत बसायचे आणि बॅटऱ्या संपायच्या.”

“जिवंतांच्या शिळाही होत्या त्या यादीत?”

“ज्यांच्या नोंदल्या होत्या त्यांच्या होत्या. एकेक मेला तशी त्याची शीळ काढली. काढावी लागली. नाहीतर ते मेलेल्यांना हाका मारत राहायचे. डॉक्टरांना ऐकवेना.”

नेरुरकरांनी पुसलेला चष्मा डोळ्यांवर चढवला.

“आणि या हंगामात?” परुळेकरबाईंनी विचारले.

“प्रत्येक शीळ इव्हॉनच्या यादीतली. प्रत्येक श्वास लयीत.”

“मग आणखी काय हवंय?”

“एकदा होडीतून बघतो,” नेरुरकर म्हणाले. “उद्या. मग सही करतो.”

होडी गुणाजी टिकमची होती. पर्यटकांना गादे दाखवण्यात त्याची हयात गेली होती. आता त्याने गरवण्याच्या मोसमासाठी मागच्या बाजूला गळाच्या लांब काठ्या खोचता येतील अशा बैठका बसवून घेतल्या होत्या. त्यांचा वार्निशचा वास अजून गेला नव्हता.

“काय ओ डॉक्टरानू,” त्याने हात देऊन नेरुरकरांना वर घेतले, “गावलो काय एखादो जितो?”

“नाही अजून.”

“नाय गावूचो. आता चोणक धरूक येतले लोक. मोठ्ठे चोणक! एकेक मासो असो ओढतलो, काय माणूस वल्यासारखो आडवो पडतलो.” मग तो होडीतल्या पाहुण्यांकडे वळून शुद्ध भाषेत ओरडला, “उजव्या बाजूला बघा! आता येतील! इंजिन बंद केलंय, आता येणार!”

आणि ते आले. पाण्यातून राखाडी पाठी वर आल्या, फवारे उडाले, पाठी पुन्हा आत गेल्या. होडीतल्या एका बाईंनी कॅमेरा खाली करून विचारले, “अहो, हे खरे आहेत ना?”

“तिकीट खरां आसा, बाई,” गुणाजी म्हणाला. लोक हसले.

नेरुरकर कठड्याला टेकून मोजत होते. हातातल्या छोट्या यंत्रावर ते प्रत्येक फवाऱ्याला बोट दाबत. चौघे-पाचजण होडीला वळसा घालत होते. त्यांतला एक अगदी जवळून गेला. पाठीवर जुन्या दोरीचा व्रण होता, पण तसे व्रण सगळ्यांनाच होते. तो जरा कुशीवर झाला आणि त्याचा डोळा पाण्याबाहेर आला. सोबत्यांनाही डोळे होते, आणि होडीकडे बघण्याची सवय त्यांना इव्हॉननेच लावली होती.

उशीर कर, नेरुरकर मनात म्हणाले. एकदाच. एकदाच मागे राहा.

इतर वर आले, त्यांच्याबरोबर तोही आला. फवारा उडाला, अगदी बरोबरीने. पुन्हा. पुन्हा. नेरुरकरांना वाटले, त्याला वर यायला किंचित जड जाते आहे. पण आपल्याला तसे वाटावे अशी आपली इच्छा आहे, हेही त्यांना ठाऊक होते. वाटणे ही काही कसोटी नव्हे. हातातल्या यंत्रावर रेषा सरळ होती.

तेवढ्यात मार्थाने पाण्याखालून कुणाला तरी हाक मारली. होडीच्या तळाशी बांधलेल्या श्रवणीतून ती नेरुरकरांच्या कानात आली. लगेच उत्तर आले, खालून वर चढत जाणारी आणि शेवटी तुटणारी शीळ. दुल्सी. इव्हॉनची धाकटी मावशी. यादीतली.

त्या संध्याकाळी त्यांनी अहवालावर सही केली. खाडीत जिवंत डॉल्फिन आढळला नाही.

खाडी गरवणाऱ्यांना खुली करायची म्हणजे आधी सोबत्यांना बाहेर काढायचे. त्यांना परत बोलावण्याची सोय इव्हॉनने पहिल्याच वर्षी केली होती, पण ती वापरायची वेळ कधी आली नव्हती. धक्क्याजवळ सिमेंटचा लांब उतार होता. होड्या त्यावरून पाण्यात सोडत. उताराच्या टोकाशी पाण्यात ध्वनिक्षेपक लावायचा आणि परतशीळ वाजवायची. ती ऐकली की प्रत्येक सोबत्याने येऊन उतारावर चढायचे आणि न हलता पडून राहायचे; फवारे तेवढे लयीत चालू राहत. ओहोटी लागली की ते कोरडे. मग पोटाखालची झडप उघडायची आणि बॅटरी काढायची.

पौर्णिमेचे उधाण होते. सकाळच्या भरतीला इव्हॉनने परतशीळ सुरू केली.

गाव बघायला जमले होते. पाहुणे मोबाइल उंच धरून उभे होते. खाडीत जिथे तिथे पाठी दिसू लागल्या आणि सगळ्या एकाच दिशेला वळल्या. पहिला सोबती उतारावर सरकत आला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग दुसरा. मग तीन-चार एकदम, एकमेकांना घासत, ओल्या पाठीचे, जड. थोड्याच वेळात उतार भरून गेला.

“तुझ्या मावश्या जेवणाला बसल्यासारख्या दिसतात,” नेरुरकर म्हणाले. त्यांनी स्वतःहून केलेली ती पहिली थट्टा असावी. इव्हॉन हसली, पण तिचे डोळे भरले होते.

ओहोटी लागली. पाणी मागे सरकत गेले आणि उताराच्या खाली चिखल दिसू लागला. परुळेकरबाईंचे लहानसे भाषण झाले. गावकऱ्यांनी नारळ फोडला. परतशीळ ऐकून येणारे राहिले असतील म्हणून इव्हॉनने बराच वेळ वाट पाहिली. वादळात काही सोबती नाहीसे झाले होते, पण कोणकोणते, हे कुणालाच नक्की माहीत नव्हते. ऊन चढले तशी गर्दी पांगली. मग गुणाजी आणि त्याच्याबरोबरचे पाच-सहाजण धक्क्याच्या बाजूने बॅटऱ्या काढू लागले. काम सावकाश चालले होते. प्रत्येक झडपेचे चार स्क्रू, खाऱ्या पाण्याने गंजून धरलेले. बॅटरीची काढलेली पेटी टेम्पोत जाई. टेम्पो भरला तसा तो कारखान्याकडे निघून गेला.

इव्हॉन आवाजावरून हजेरी घेत होती. झडप उघडण्याआधी सोबती एकदा आपली शीळ घालतो, तशी रचना होती. मार्था. फिलोमिना. इझाबेल. आत्या आन्तोनेत. तिने हातातल्या इलेक्ट्रॉनिक पाटीवर खुणा केल्या.

“डॉक्टर, दुल्सीचा आवाज दोनदा येऊन गेला,” ती म्हणाली. “पण अजून तिची पाळी कुठे आली आहे?”

“असेल पुढे कुठेतरी.”

उताराच्या पाण्याकडच्या टोकापाशी गुणाजी गुडघ्यावर बसून एकाच्या पोटाखाली हात घालून चाचपडत होता.

“बाय!” त्याने हाक मारली. “ह्येका झडप खंय आसा? माका गावणा नाय.”

“डाव्या बाजूला बघ.”

“बघलंय. नाय.”

इव्हॉन तिकडे निघाली. बाकीच्यांच्या पेट्या निघाल्या होत्या. उतारावर सगळे शांत होते. इतकी वर्षे खाडीवर सतत ऐकू येणारे ते फवाऱ्यांचे फुत्कार थांबले होते. त्या शांततेत एक श्वास आला. मोठा, ओला, फाटका. मग बराच वेळ काही नाही. मग दोन लागोपाठ.

त्यात लय अजिबात नव्हती.

नेरुरकर धावले. त्या वयात आणि त्या शेवाळलेल्या सिमेंटवर त्यांनी धावायला नको होते. ते पडले, उठले आणि त्या पाठीवर दोन्ही हात ठेवून बसले. पाठीवर जुन्या दोरीचा व्रण होता. हाताखाली काहीतरी भराभर धडधडत होते.

“हे त्या मादीचं पिल्लू,” ते म्हणाले. “वादळात वाचलं होतं. इथेच होतं.”

“पण मग दुल्सी—” इव्हॉन म्हणाली.

ती शीळ पुन्हा आली, त्यांच्या हाताखालून. चढत जाणारी, शेवटी तुटणारी. दुल्सीची शीळ.

“दुल्सी वादळात गेली असणार,” इव्हॉन हळूहळू म्हणाली. “तिची शीळ यादीत राहिली. याची यादीत कधी नव्हतीच. आपण ती नोंदलीच नव्हती. यानं आपल्या नावानं हाका मारल्या असतील, डॉक्टर. आणि त्यांनी उत्तर दिलं नाही. मी सांगितलं होतं, यादीबाहेर उत्तर द्यायचं नाही.”

“आणि यानं दुल्सीची शीळ घातली तेव्हा त्यांनी उत्तर दिलं,” नेरुरकर म्हणाले.

त्यांना आता सगळे दिसत होते. इतके सोपे होते ते. डॉल्फिन कळपाबरोबर श्वास घेतो, हे त्यांनीच विद्यार्थ्यांना शिकवले होते. हा वाढला तो यंत्रांत. यंत्रे वर येत तेव्हा हा वर येई, दमलेला असला तरी, आजारी असला तरी. मागे राहणे म्हणजे एकटे पडणे. त्यांच्या दोन्ही कसोट्या डॉल्फिनमध्ये वाढलेल्या डॉल्फिनसाठी होत्या. असा एकही इथे नव्हता. आणि आज कळप जमिनीवर आला म्हणून हाही आला.

“पाण्यात नेऊ या,” गुणाजी म्हणाला. “चला रे, ताडपत्री आणा.”

त्यांनी त्याला ताडपत्रीवर घेतले आणि चिखलातून पाण्यापर्यंत नेले. सोडल्यावर तो क्षणभर तसाच तरंगला. मग शेपटी हलवून वळला आणि पुन्हा उताराकडे आला. चिखलात रुतला.

“अरे, खंय जातंस? थंय समुद्र आसा, थंय!” गुणाजी त्याला ढकलत ओरडला. पुन्हा नेले, आणखी खोल. पुन्हा तो परतला. त्या वेळी दोघेजण आडवे उभे राहिले होते, तर त्यांच्या पायांमधून डोके घालून आला.

“सगळे इथे आहेत ना,” नेरुरकर म्हणाले. “तो एकटा कुठे जाईल?”

“एक सोबती पाण्यात नेऊ,” इव्हॉन म्हणाली. “पोहणार नाही, पेट्या गेल्या. पण माझ्या गाडीच्या बॅटरीवर त्याचा आवाज चालेल.”

त्यांनी मार्थाला नेले. गुणाजी आणि आणखी चौघे कमरेएवढ्या पाण्यात तिला तराफ्यासारखे धरून उभे राहिले. इव्हॉनने बॅटरी एका टायरच्या ट्यूबवर बांधली आणि तिच्या व आपल्या पाटीच्या तारा मार्थाला जोडल्या. पिल्लाला तिच्या शेजारी आणून ठेवले. पिल्लू कसले, आता ते पुरते वाढलेले जनावर होते. मार्थाने हाक मारली, दुल्सी. त्याने उत्तर दिले. यावेळी तो उताराकडे वळला नाही. त्याने अंग मार्थाच्या अंगाला लावले आणि तसाच राहिला.

“थांबलो!” गुणाजी म्हणाला. “थांबलो बगा! आता भरती इली काय ह्येका भायर नेव. मी होडी लावतंय. मार्थाक कडेक बांदूया, कारवारपर्यंत नेतंय, थंय कळप आसा म्हणतत. डिझेल माझा.”

“हो,” इव्हॉन म्हणाली. “हो, जमेल. नाही का, डॉक्टर?”

नेरुरकर शेजारीच पाण्यात त्याचे डोके धरून उभे होते. त्यांच्या तळव्याला काय लागत होते ते त्यांना कळत होते. पाण्याबाहेर पडून राहिलेल्या डॉल्फिनचे स्वतःच्याच वजनाखाली काय होते, उन्हात अंग कसे आतून शिजते, मग पाण्यात परत नेल्यावरही काही तासांत काय होते, यावर त्यांनी एक लेख लिहिला होता. हा सकाळपासून पडून होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, भाषण झाले, तोवर हा पडून होता. आणि इतरांसारखाच निश्चल होता.

“बघू या,” ते म्हणाले.

श्वास आता लांब अंतराने येत होते. मार्था हाक मारी, तो उत्तर देई, पण उत्तर अर्धे येऊ लागले होते. मग एकदा मार्थाने हाक मारली आणि त्याने दुल्सीची शीळ घातली नाही.

दुसरीच घातली.

ती बारीक होती. दोनदा थरथरून खाली उतरणारी. एखाद्या लहान पिल्लाची असावी तशी. नेरुरकरांनी ती कधी ऐकली नव्हती. एक सबंध हंगाम त्यांनी नेमकी हीच शीळ ऐकायची वाट पाहिली होती.

पुन्हा तीच. मार्था गप्प होती.

“ती उत्तर का देत नाही?” नेरुरकर म्हणाले. आणि मग, आयुष्यात त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नसेल अशा आवाजात ओरडले, “इव्हॉन, उत्तर का देत नाही ती?”

“यादीत नाही!” इव्हॉन रडत पाटीवर बोटे मारीत होती. “घालते, थांबा, घालते. आणखी एकदा घालू दे त्याला. एकदाच. मला नोंदायला हवी.”

सगळे स्तब्ध उभे राहिले. पाणी हलू नये म्हणून गुणाजीने श्वास रोखला होता. त्या जनावराने शेवटी ती शीळ आणखी एकदा घातली, इतकी हळू की इव्हॉनच्या पाटीवर एक पुसटशी रेघ उठली. तिने ती यादीत घातली. तिच्यापुढे नावाची जागा होती, ती रिकामीच ठेवली.

मार्थाच्या आत काहीतरी खुट्ट झाले, आणि तिने ती शीळ घातली. अगदी हुबेहूब. दोनदा थरथरून खाली उतरणारी.

नेरुरकरांच्या हातातले डोके किंचित वळले. डोळा उघडा होता. त्या शिळेतून त्याला काय कळले, हे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे नेरुरकर नंतर म्हणत. त्यांनी एवढेच पाहिले की त्याने अंग आणखी थोडे मार्थाकडे सरकवले. एक श्वास आला. तो शांत होता. नेरुरकर पुढच्या श्वासाची वाट पाहत राहिले. जिवंत प्राण्याचा श्वास घड्याळाप्रमाणे येत नाही, तो उशिरा येऊ शकतो, म्हणून ते वाट पाहत राहिले. गुणाजीने डोक्यावरचे फडके काढून हातात घेतले, तेव्हाही ते पाहतच होते.

मार्थाने हाक मारली.

भरती चढू लागली होती. पाणी त्यांच्या खांद्यांना लागले. धरणाऱ्यांचे हात भरून आले होते, पण कुणी सोडले नाही. इव्हॉनचा हात ट्यूबवरच्या तारांपर्यंत गेला. तिने नेरुरकरांकडे पाहिले. त्यांनी जनावराचे डोके तसेच पाण्यावर धरून ठेवले. तिने हात मागे घेतला.

मार्थाने पुन्हा हाक मारली. मग थोडे थांबून पुन्हा. नाव आता तिच्या यादीत होते. उत्तर येईपर्यंत ती हाक मारणार होती.